एसीच्या पाण्यावरची अर्निका

आमच्या घरात सगळंच पिवळं होतं. आप्पांचा शर्ट पिवळा, बनियन पिवळं, नखं पिवळी, कानामागची घडीसुद्धा पिवळी. सांगलीच्या मार्केट यार्डात आप्पा हळदीच्या वखारीत हमाल होते आणि आई त्याच वखारीत हळकुंडं निवडायला जायची. घरी एकच बादली. आधी आप्पांचे कपडे निघायचे, मग त्याच पाण्यात माझा शाळेचा पांढरा युनिफॉर्म. तो कधी पांढरा झालाच नाही. प्रार्थनेला बाई मला रांगेतून बाजूला काढायच्या आणि म्हणायच्या, "उद्या धुऊन ये." मी रोज धुऊनच यायचे.

संध्याकाळी आप्पा दारातच पालथे पडायचे. पाठीवर, खांद्यावर पोत्याचे वळ असायचे, हिरवे-निळे. आई हळद गरम करून त्यावर थापायची. दिवसभर हळदीनं मारायचं आणि दिवेलागणीला हळदीनंच बरं करायचं, असा आमचा दवाखाना. डॉक्टर हाड मोडल्यावर. मुक्या मारालाही औषध असतं, ते बाटलीत मिळतं आणि लोक ते विकत घेतात, हे मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं.

कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. बी.कॉम. झाले, एम.कॉम. झाले आणि कुणाच्या वशिल्याशिवाय बहारीनला नोकरी मिळवली. हे मी सांगते कारण ते खरं आहे. नम्रपणा ज्यांना परवडतो त्यांनी दाखवावा.

तेव्हा एका पिवळ्या फुलासाठी बेडरूमचा एसी दिवसरात्र चालू ठेवणाऱ्या माणसाबद्दल मी लिहिणार आहे म्हटल्यावर, ते कौतुकानं लिहीन अशी अपेक्षा कुणी करू नये.

बापटसाहेब आमच्या कंपनीत अकाउंट्सचे हेड. मूळ पुण्याचे. बहारीनमध्ये त्यांचं अर्ध्याहून अधिक आयुष्य गेलेलं, पण बहारीनमधलं काही त्यांना पसंत नव्हतं. खजुराचं झाड हे त्यांच्या मते झाड नव्हे, खांब. समुद्र म्हणजे गरम पाण्याचं ताट. मुहर्रकची जुनी घरं बघायला पाहुणे निघाले की म्हणायचे, "जा, भिंती बघून या." राजधानीत, मनाम्याच्या बाजारात शुक्रवारी विमानानं आलेले मोगऱ्याचे गजरे मिळतात. त्यांच्या पत्नी, शैलाकाकू, दर शुक्रवारी एक घ्यायच्या. साहेब दर शुक्रवारी तेच वाक्य म्हणायचे, "शिळा मोगरा! बर्फात घातलेला मासा आणि हा, दोन्ही सारखेच." काकू अंबाड्यावर गजरा नीट दाबून बसवायच्या आणि चालू लागायच्या. चालायच्या त्या साहेबांच्या मागून. साहेब रस्त्यावर नेहमी पुढे, काकू नेहमी मागे, आणि मधे इतकं अंतर की अनोळखी माणसाला ही दोन वेगळ्या घरची माणसं वाटावीत.

ऑफिसात ते सगळ्यांना आडनावानं बोलवायचे, मलाही. "माने, हे व्हाउचर बिलाशिवाय आलंच कसं?" नियम म्हणजे नियम. मालकाच्या भावाचं व्हाउचरही त्यांनी परत पाठवलेलं मी पाहिलंय. एवढी एक गोष्ट त्यांच्याबद्दल मला आवडायची, ती आत्ताच लिहून टाकते, कारण पुढे जागा मिळेलच असं नाही.

त्यांच्या बॅगेत चष्म्याच्या घरासारखी एक डबी असायची. आत पांढऱ्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या बाटल्या. होमिओपॅथी. ते डॉक्टर नव्हते. डॉक्टर असते तर इतक्या खात्रीनं बोलले नसते. बाटल्या पुष्कळ, पण त्यांचा खरा विश्वास एकाच औषधावर. अर्निका. ठेच लागली, अर्निका. दाढ काढली, अर्निका. बाळंतपण झालं, अर्निका. प्रमोशन हुकलं म्हणून केरळचा एक पोरगा खिन्न बसला होता, त्यालाही दिली. "मार आहेच तो," म्हणाले, "मुका मार." गोळ्या बाटलीच्या झाकणात घ्यायच्या आणि झाकणातून सरळ समोरच्याच्या तोंडात. हात लावायचा नाही. चारचौघांत बोलवून ते हे करायचे, आणि मोठमोठी माणसं चिमणीच्या पिल्लासारखी आ करून उभी राहायची. त्या रांगेत मी कधीच उभी राहिले नाही.

आमच्या स्टोअरला सलीमभाई आहेत, रत्नागिरीचे. एकदा वरच्या फळीवरची खोकी काढताना शिडी घसरली आणि ते हातावर पडले. धावपळ झाली. साहेब डबी घेऊन आले, खाली वाकले आणि झाकण पुढे केलं. "आ करा."

सलीमभाई घामानं भिजलेले, हात वाकडा. "साहेब, हात मोडलाय माझा. साखर कसली देताव?"

"मोडला की नाही ते नंतर ठरेल. आधी आ करा."

"आधी गाडी काढा हो!"

मी गाडी काढायला सांगितली. हॉस्पिटलात हाताला प्लास्टर घातलं. ते निघाल्यावर हाताला वाकडेपणा राहिला नाही, तेव्हा साहेब कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पाहिलंत? पहिल्या दहा मिनिटांत दिली होती मी." सलीमभाई त्याच हातानं चहाचा कप उचलून माझ्याकडे बघून हसले.

पण आमच्या आप्पांच्या बाबतीत मी हसले नाही. वखारीत पोत्यांची थप्पी कोसळली आणि आप्पांच्या खांद्याचं हाड मोडलं. मी रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी तो लगेच मंजूर केला, आणि ड्रॉवरमधून एक बाटली काढली. "वडिलांना द्या. दिवसातून तीनदा. कांदा-लसूण वर्ज्य."

कांदा-लसूण वर्ज्य! आमच्या घरात भाकरीबरोबर दुसरं असायचं काय? मी बाटली घेतली, कारण भांडायला वेळ नव्हता. आप्पांचं मिरजेला ऑपरेशन केलं. प्लेट बसवली, स्क्रू बसवले. बाटली आईनं देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती. मी बहारीनला परत आले आणि दोन-चार दिवसांनी व्हिडिओ कॉलवर आप्पा म्हणाले, "तुझ्या सायबाची साखर बरी हाय, पोरी. पन लई थोडी धाडली. दोन कप च्यातच संपली."

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "वडील कसे आहेत?"

"बरे आहेत. हात वर जातो."

"अर्निका!" ते टेबलावर बोट आपटून म्हणाले.

"साहेब, खांद्यात स्क्रू आहेत."

"स्क्रू हाडाला, माने. सूज स्क्रूनं उतरत नाही."

चहाचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. चहातूनही गुण येतो, असं त्यांनी सिद्ध केलं असतं.

आता फुलाकडे येते. साहेब मनाम्याच्या हूरा भागात कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर राहायचे. मी त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत. त्यांच्या हॉलमध्ये देवाच्या फोटोपेक्षा मोठा एक फोटो होता. डोंगरउतार आणि त्यावर पिवळी फुलं. ही अर्निका. आल्प्स पर्वतात, उंचावर, थंडीत उगवणारी. पाहुणा बसला की पाण्याआधी ह्या फोटोची ओळख.

"सूर्यफुलाच्या कुळातली," साहेब सांगायचे. "शेवंती, झेंडू, सगळे त्याच कुळातले."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, "म्हणजे झेंडूच की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बॅलन्स शीट फाडली असावी. "झेंडू लांबचा नातेवाईक आहे, माने. फार लांबचा."

"दसऱ्याला त्या लांबच्या नातेवाइकाचं तोरण आणा म्हटलं तर ते आणत नाहीत," आतून काकू म्हणाल्या.

"तुम्ही पाहिलंय का हे तिथं जाऊन?" मी विचारलं.

साहेबांनी घसा साफ केला. उत्तर काकूंनी दिलं. "गेलो होतो की, टूरबरोबर. ह्यांनी त्या गाइडच्या मागे लागून लागून बस वर न्यायला लावली. वर धुकं. स्वतःचा हात दिसेना. ह्यांनी कुंपण पाहिलं, मी ह्यांना पाहिलं, आणि खाली आलो. हा फोटो खालच्या दुकानातला."

साहेबांनी ते नाकारलं नाही. चेहरा दुसरीकडे वळवून एवढंच म्हणाले, "फूल तिथंच होतं. दिसलं नाही ही वेगळी गोष्ट."

तर हे न दिसलेलं फूल त्यांनी बहारीनमध्ये उगवायचं ठरवलं. इथं उन्हाळ्यात नळाला गरम पाणी येतं ते गीझर बंद असताना. बी परदेशातून मागवलं. गणपतीत, आरतीनंतर, सगळ्या मराठी मंडळींसमोर त्यांनी जाहीर केलं, "रिटायर होऊन जाण्यापूर्वी हूऱ्यात अर्निका फुलवून दाखवीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रसाद हातात होता तरी. मला वाटलं, ज्याचं पोट भरलेलं असतं त्यालाच असले नवस सुचतात.

पहिलं रोप नळाच्या पाण्यानं गेलं. इथल्या पाण्यात चुना फार, आणि अर्निकेला चुना अजिबात चालत नाही. पानं पांढरीफटक पडली आणि रोप बसलं. मग साहेबांनी कुठंतरी वाचलं की तिला आंबट माती लागते. आंबट म्हटल्यावर पुणेरी माणसाला काय सुचणार? कढीपत्त्याला घालतात तसं त्यांनी दुसऱ्या रोपाला ताक घातलं. रोज, वाटीभर, स्वतःच्या हातानं. आठवडाभरात पाचव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की वास यायचा. शेजारचा इजिप्शियन वॉचमनला घेऊन वर आला; त्याला वाटलं, घरात काहीतरी मेलंय. तसं ते मेलंच होतं.

"मी नाही हो घातलं," काकू मला जिन्यात म्हणाल्या. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. कढीपत्ता आपला आहे, त्याला ताक कळतं. परक्याच्या पोरीला एकदम ताक कसं पचेल?"

तिसऱ्या वेळी त्यांना एसीचं पाणी सुचलं. गल्फमध्ये राहिलेल्या कुणालाही हे पाणी ठाऊक असतं. प्रत्येक बिल्डिंगच्या मागच्या बाजूला नळ्या लोंबत असतात, त्यांतून थेंब थेंब गळत असतं, आणि फुटपाथवरून जाणारा माणूस डोकं चुकवत जातो. हे पाणी हवेतून निघालेलं, त्यात चुना नाही. साहेबांनी बाल्कनीत नळीखाली कॅन लावला. सबंध बहारीन ज्या पाण्यापासून डोकं वाचवतं, ते पाणी हा माणूस चमच्यानं मोजून रोपाला घालू लागला.

रोप जगलं. बेडरूमच्या खिडकीत कुंडी, आणि एसी अठरावर. साहेब-काकू हॉलमध्ये झोपायला आले. खाली बिल्डिंगचा वॉचमन, बांगलादेशचा माणूस, जिन्याखालच्या खोलीत जुन्या पंख्यासमोर बसून असायचा, आणि वर पानांना रात्रंदिवस अठरा. हे मी विसरले नाही आणि विसरणार नाही.

हिवाळ्यात वेगळाच घोळ. इथल्या हिवाळ्यात एसी लागत नाही, म्हणजे पाणी बंद. साहेबांच्या लक्षात आलं की ऑफिसच्या सर्व्हर रूमचा एसी बारा महिने चालतो. मग अकाउंट्सचे हेड, टाय लावलेले, हातात पाण्याचा कॅन घेऊन लिफ्टमधून उतरताना दिसू लागले. लिफ्टमधले अरब गृहस्थ मक्केचं पवित्र पाणी समजून अदबीनं विचारायचे, "झमझम?" साहेब मान हलवून म्हणायचे, "एसी."

आणि ह्या रोपाला फूल यायचं तर आधी खरी थंडी लागते. आल्प्समध्ये ते बर्फाखाली झोपतं. म्हणून जानेवारीत कुंडी फ्रिजमध्ये गेली. भाजीचा कप्पा काढून तिथं माती.

"माझी कोथिंबीर बाहेर सुकतेय आणि ही आत," काकू सांगत होत्या. "रात्री हे उठून फ्रिज उघडून बघतात. मला ताप आला तेव्हा विचारलं, डोलो घेतलीस का, एवढंच."

"अर्निका नाही दिली?"

काकू हसल्या. "माझ्यासाठी डोलोच. माझ्या बाबतीत ते धोका पत्करत नाहीत."

त्यांचं रिटायरमेंट जूनमध्ये. मे महिन्यात पानांच्या मधून एक दांडा वर आला. टोकाला एक कळी. साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले नाहीत, पण त्या दिवशी दोन चुकीची व्हाउचरं परत पाठवताना त्यांनी "कृपया" म्हटलं. सगळ्यांना कळलं. लोक विचारू लागले, "साहेब, उमललं?" ते म्हणायचे, "ह्या आठवड्यात." आठवडा जायचा. कुणी इंशाल्ला म्हटलं तर चिडायचे. "इंशाल्ला नाही! तापमान!"

विमानाची तारीख ठरली आणि कळी बंदच. कुंडी बरोबर नेता येणार नव्हती. झाड आणि माती न्यायला परवानग्या लागतात, दाखले लागतात. साहेबांनी सगळी चौकशी केली आणि जमत नाही म्हटल्यावर तो विषय सोडला. कुणीतरी सुचवलं, बॅगेत कपड्यांत गुंडाळून न्या. त्याला त्यांनी इतकं झापलं की तो बिचारा सुचवल्याबद्दल माफी मागून गेला. म्हणजे जे व्हायचं ते इथंच, निघण्याआधी. इतक्या वर्षांचा खटाटोप, आणि शेवटी पुन्हा धुक्यातलं कुंपणच बघून जायचं की काय, एवढाच प्रश्न उरला होता.

निघायच्या तीन-चार दिवस आधी कंपनीनं फ्लॅट ताब्यात घेतला. फ्लॅटची वीज तोडल्याशिवाय क्लिअरन्स मिळत नाही. हा नियम अकाउंट्सचाच होता. साहेबांनीच काटेकोरपणे पाळलेला. वीज गेली, एसी खलास. साहेब-काकूंना हॉटेलात खोली दिली होती, पण हॉटेलात दाराचं कार्ड काढून बाहेर पडलं की खोलीतलं सगळं बंद होतं.

संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. दारात बापटसाहेब. कुंडी ओल्या पंच्यात गुंडाळून कवेत धरलेली, कपाळावर घाम. पाचव्या मजल्यावरून जिन्यानं आले होते. म्हणाले, लिफ्टमध्ये फार उकडतं. त्यांना की कुंडीला, ते बोलले नाहीत.

"माने, एक विचारायचं होतं."

इतक्या वर्षांत त्यांनी मला सांगितलं होतं, दाखवलं होतं, परत पाठवलं होतं. विचारलं नव्हतं. मी त्यांना माझी एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची दिली. ते बसले, कुंडी मांडीवरच.

"एसी चालू ठेवावा लागेल," ते म्हणाले. "तुम्ही ऑफिसला गेलात तरी."

मी ऑफिसला जाताना एसी बंद करून जाते. सगळेच जातात. मी सरळ बोलले. "साहेब, माझ्या आप्पांनी ज्या वखारीत जन्म काढला तिथं पंखा नव्हता. आई निवडायला बसायची तिथं खिडकी नव्हती. आणि मी रिकाम्या खोलीत फुलासाठी दिवसभर एसी चालू ठेवू?"

"हो," ते म्हणाले.

"नुसतं हो?"

"दुसरं उत्तर असतं तर दिलं असतं."

  मग कळीकडे बघत त्यांनी विचारलं, "पोती उचलून मार लागायचा, त्याला काय लावायचे वडील?"

"हळद. गरम करून."

"हळद ह्या कुळातली नाही," ते म्हणाले. "ती आल्याच्या कुळातली."

"कूळ तुम्ही बघता, साहेब. आमची आई पाठ बघायची."

दुसरा कुणी असता तर ह्यावर काहीतरी मऊ बोलला असता. साहेब एवढंच म्हणाले, "बरोबर आहे." मग उठून खिडकीपाशी गेले, एसीचा वारा कुठपर्यंत येतो ते तळहातानं बघितलं आणि कुंडी तिथं ठेवली. "अठरा," म्हणाले.

"बावीस," मी म्हटलं.

"वीस."

"बावीस, साहेब. नाहीतर फ्रिज आहे."

ते बावीसवर गेले.

निघायच्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला आणि वळून पाहिलं तर कळी उघडलेली. मी फोन लावला. साहेब विमानतळावर पोचले होते.

"उमललंय."

पलीकडे विमानतळाचा गलबला ऐकू येत होता. मग आवाज आला, "पूर्ण?"

"पूर्ण. फोटो पाठवू?"

"फोटो नको," ते म्हणाले. "फोटो आहे माझ्याकडे."

आणि फोन ठेवला.

कुंडी घेऊन मी विमानतळावर का गेले, असं नंतर ऑफिसात विचारलं सगळ्यांनी. प्रेमाबिमाचा प्रश्न नाही. आमच्या घरची पद्धत आहे. पोतं एकदा खांद्यावर घेतलं की ते थप्पीवरच उतरवायचं, वाटेत टाकायचं नाही. मी सलीमभाईंना फोन केला. ते खाली गाडी घेऊन आले, एसी पूर्ण सोडलेला.

"यल्ला, बस लवकर," ते म्हणाले. मांडीवरच्या कुंडीकडे बघून त्यांनी मान हलवली. "हा तो साखरेचा बाप काय? ह्याच्यासाठी मी गाडी हाणतोय, आणि ती पण ह्याच हातान." विमानतळाकडे जाणाऱ्या मुहर्रकच्या पुलावर त्यांनी जरा जास्तच हाणली.

साहेब-काकू आत जायच्या दारापाशी उभे होते. सामान गेलेलं, बोर्डिंग पास हातात. साहेबांनी घड्याळ पाहिलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कुंडीवर वाकले. फूल खरं सांगायचं तर काही विशेष नव्हतं. लहान पिवळं, पाकळ्या इकडेतिकडे झालेल्या, न विंचरलेल्या केसांसारख्या. आमच्याकडे बांधावर ह्याहून बरी उगवतात.

"पाकळ्या विस्कटल्यात," मी म्हटलं. "गाडीतून आणलंय ना."

"नाही," साहेब म्हणाले. "अर्निकेच्या विस्कटलेल्याच असतात. तीच तिची खूण." मग अगदी जवळ जाऊन वास घेतला. "वास क्षुल्लक आहे," म्हणाले, आणि हे त्यांनी इतक्या समाधानानं म्हटलं की सलीमभाई तोंड फिरवून खोकले.

आतून घोषणा झाली. जायला हवं होतं. साहेब कुंडी सोडेनात. तेव्हा काकू पुढे आल्या, फुलाचा दांडा दोन बोटांत धरला आणि नखानं खुडला.

"अगं! अगं, काय करतेस!"

"आज गजरा मिळाला नाही," काकू म्हणाल्या आणि फूल अंबाड्यात खोचलं.

"माळायचं नसतं ते! औषध आहे!"

"असू दे. विमानात माझं डोकं दुखतंच." त्यांनी पिन बसवली. "आणि चला आता. केसातल्या फुलाला कुणी दाखला विचारत नाही."

मी साहेबांकडे पाहिलं. दाखल्याशिवाय कागद पुढे न सरकवणारा हा माणूस. ते काहीतरी बोलणार होते, तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी ते मिटलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "माने, एसी बंद करा आता." हेच आभार. दुसरे मिळाले नाहीत.

काकू दारातून आत गेल्या, आणि साहेब त्यांच्या मागून. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बायकोच्या मागून चालताना पाहिलं. अगदी जवळून चालत होते, मान किंचित पुढे काढून, नजर अंबाड्यावर. तपासणीच्या रांगेत ते तसेच उभे राहिले. मशीनमधून काकू गेल्या, पलीकडे बसलेल्या बाईनं त्यांच्या बांगड्या बघितल्या, फुलाकडे पाहून हसली आणि पुढे जायची खूण केली. कोपऱ्यावरून वळेपर्यंत मला ते पिवळं दिसत होतं.

रोप त्यानंतर फार टिकलं नाही. कुंडीत मी आता कढीपत्ता लावलाय. त्याला नळाचं पाणी चालतं आणि ताकही. आप्पा आता पोती उचलत नाहीत. मी त्यांना फोनवर सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "एवढं केलं ते इकायला का?"

"नाही आप्पा. बघायला."

"मग दिसलं का त्येला?"

दिसलं. बापटसाहेबांनी हूऱ्यात अर्निकेला फूल आणलं. एकच आणलं, पण आणलं.